शिलेदार, बारगीर आणि प्रवेशाची फी

घोड्यांच्या हौशी स्पर्धांत भाग घेण्याचा खर्च दिवसेंदिवस वाढत चालला आहे, अशी तक्रार अमेरिकेत आणि इंग्लंडात गेली अनेक वर्षे ऐकू येते. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने या तक्रारीत लक्ष का घालावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आम्ही स्वतः घोड्यावर एकदाच बसलो, तेही लग्नाच्या वरातीत, आणि त्या वेळी लगाम मोतद्दाराच्या हातात होता. परंतु खर्चाचा प्रश्न निघाला की आमच्यासारख्याला पहिली जिज्ञासा होते ती ही, की पैसा कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या खिशात पडतो. आणि दुसरी ही, की जो माणूस त्या जनावराचे सारे काम करतो, तो या हिशेबात कोठे आहे. या दोन जिज्ञासांपायी ग्रंथालयात जे मिळाले ते वाचीत गेलो. तेव्हा असे दिसले की फी वाढली ही गोष्ट खरीच, पण तो या इतिहासाचा अलीकडचा अध्याय आहे. त्याआधी पाऊणशे वर्षे त्याच दारावर दुसरीच एक फी घेतली जात होती, आणि ती पैशांत मोजली जात नसे.

प्रथम आजची स्थिती पाहू. अमेरिकेत एखाद्या मान्यताप्राप्त सामन्यात हौशी स्वाराला आपला घोडा उतरवायचा झाला, तर ज्याला प्रवेशमूल्य म्हणतात ती रक्कम यादीतली लहानशी बाब ठरते. स्वाराची सभासद-वर्गणी वेगळी, घोड्याच्या मालकाची वेगळी, घोड्याची नोंदणी वेगळी. ज्या ज्या गटात उतरायचे त्या त्या गटाची फी निराळी. घोड्याला उभे राहायला तबेल्याचा खण भाड्याने घ्यायचा, त्यात पसरायला भुसा विकत घ्यायचा. कचेरीचा खर्च म्हणून एक आकार, घोड्याला उत्तेजक औषध दिले नाही ना याच्या तपासणीसाठी आणखी एक आकार. शिवाय शिक्षकाचा दिवसाचा मेहनताना, आयाळ वेणून देणाऱ्याची मजुरी, घोडा वाहून नेणाऱ्या गाडीचे भाडे, आणि माणसांच्या मुक्कामाचे हॉटेल. हे सारे एका आठवड्याचे. ज्या घोड्यासाठी हे चालते त्याची किंमत, आणि वर्षाचे बाराही महिने त्याची दाणावैरण, नालबंद, पशुवैद्य, हे यात धरलेलेच नाही.

हा सारा हिशेब नीट लागावा म्हणून आम्ही आपल्याच इतिहासातले दोन शब्द उसने घेतो: शिलेदार आणि बारगीर. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा. बारगीर म्हणजे ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळतो तो. शिवछत्रपतींनी पागा बलवान ठेवली आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. यामागचा विचार कोणालाही समजण्यासारखा आहे. ज्याचा घोडा त्याची मर्जी; घोडा मेला तर त्याची चाकरी बुडाली, म्हणून तो घोड्याला जपणार आणि लढाईत हात राखून वागणार. बारगिराला ती चिंता नाही. परंतु आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट ही, की बारगिरीमुळे ज्याच्या घरी घोडा नाही अशा कुणब्याच्या पोरालाही स्वार होता आले. घोडेस्वारीची लायकी आणि घोड्याची मालकी या दोन गोष्टी तेथे एकमेकींपासून सुटल्या.

इंग्रजांनी पुढे हा शिलेदार शब्द जसाच्या तसा उचलला. त्यांच्या हिंदी रिसाल्यांपैकी बहुतेक पलटणी ‘सिलेदार’ पद्धतीच्या होत्या. भरती होणाऱ्या जवानाने घोड्यापोटी आणि सरंजामापोटी पलटणीत रक्कम भरायची. त्या जागेला ‘असामी’ म्हणत. सरकारला स्वार स्वस्त पडे, आणि ज्याच्या घरी ही रक्कम नाही तो आपोआप गाळला जाई. एकोणिसाव्या शतकात घोडे महाग होत गेले तशी ही रक्कम वाढत गेली, आणि पहिल्या महायुद्धात घोडे भराभर मरू लागले तेव्हा ही सारी व्यवस्था कोलमडली. युद्धानंतर ती बंदच करावी लागली. प्रवेशाची किंमत वाढत जाऊन एक संपूर्ण पद्धत मोडल्याचे हे उदाहरण आपल्याच देशातले आहे.

आता इंग्लंडकडे वळू. कारण हौशी खेळाडू आणि धंदेवाईक खेळाडू हा भेद तेथेच पिकला आणि तेथूनच जगभर गेला. हौशी म्हणजे जो पैशासाठी खेळत नाही तो, असा सरळ अर्थ आपण घेतो. पण हेन्लेच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ साली हौशी माणसाची व्याख्या केली, तीत कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर यांना मुळातच वगळले. त्याने होडी वल्हवण्याचे पैसे घेतलेले नसोत. तो दिवसभर सुताराच्या रंध्यावर हात चालवतो एवढ्यानेच तो हौशी राहत नव्हता. १९३६ साली ऑस्ट्रेलियाचा ऑलिंपिकसाठी निघालेला नाविक संघ हेन्लेला आला. ते सारे पोलीस शिपाई होते. त्यांना घेतले नाही, आणि त्यावरून इतका बोभाटा झाला की पुढल्या वर्षी ती व्याख्या बदलावी लागली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे हा नियम निर्वेधपणे चालला.

घोड्याच्या बाबतीत हा भेद आणखी खोल होता, कारण घोडा हा मुळातच हुद्द्याचा पुरावा मानला जाई. हिंदुस्थानचा कारभार करणाऱ्या सनदी नोकरांची निवड होई तीत घोड्यावर बसण्याची परीक्षा असे. अरविंद घोष लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही १८९२ साली या परीक्षेस हजर राहिले नाहीत म्हणून बाद ठरले आणि बडोद्याला गायकवाडांच्या चाकरीत आले, हे सर्वांना ठाऊक आहे. ते मुद्दाम गेले नाहीत की कसे हा वाद बाजूला ठेवू. जिल्ह्याचा वसूल गोळा करायला आणि न्याय द्यायला रिकिबीत पाय घालता आलाच पाहिजे, हा आग्रह त्या काळी कोणाला विचित्र वाटला नाही, एवढे लक्षात घ्यावे.

गंमत अशी की त्याच काळात इंग्लंडातले लाखो घोडे मजुरांच्याच हाताखाली होते. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत १९१३ च्या सुमारास सत्तर हजारांच्या आसपास तट्टे जमिनीखाली काम करीत. लंडनचा माल गाड्यांना जुंपलेले घोडे ओढीत. १८८५ साली लंडनमध्ये ओझ्याच्या घोड्यांच्या संचलनासाठी एक मंडळ स्थापन झाले. गाडीवानांनी आपापले घोडे खरारा करून, पितळी साज घासून, आयाळीला रंगीत फिती गुंफून आणायचे, आणि ज्याची निगा उत्तम त्याला बक्षीस द्यायचे, असा तो प्रकार. हेतू भूतदयेचा होता, आणि थोडा मालकांच्या फायद्याचाही. निगा राखलेले जनावर अधिक वर्षे ओढते. तरी या संचलनाला आम्ही मान देतो. एक तर तेथे बक्षीस मिळे ते घोडा सांभाळणाऱ्याला. दुसरे असे, की तो घोडा त्या दिवशी सणाला आला असला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीला जुंपला जाई. त्याची वैरण कामातून निघत होती. स्पर्धा म्हणजे त्या वैरणीवरचा शिधा. ही गोष्ट पुढच्या हिशेबासाठी ध्यानात ठेवावी.

ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाचे तिन्ही प्रकार १९१२ साली स्टॉकहोमला आले, तेव्हा हे गाडीवान, खाणवाले आणि मोतद्दार दाराबाहेरच राहिले. १९२१ साली या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. दोन महायुद्धांच्या दरम्यान जे नियम रूढ झाले त्यांप्रमाणे ऑलिंपिकमध्ये घोड्यावर बसण्याचा अधिकार दोघांनाच होता: कमिशन मिळालेला लष्करी अधिकारी, आणि नागरी जीवनातला ‘जंटलमन’. सार्जंट, दफेदार, साधा शिपाई हे धंदेवाईक. का, तर ते घोडेस्वारीवर पोट भरतात! आता अधिकारी कशावर पोट भरत होता? त्याचा पगार सरकारी, घोडा सरकारी, दाणा सरकारी, खरारा करणारा माणूस सरकारी. आमच्या परिभाषेत बोलायचे तर तो शंभर टक्के बारगीर. पण तो हौशी, आणि त्याच तबेल्यात घोड्याला चाल शिकवणारा सार्जंट मात्र धंदेवाईक. यावरून एक गोष्ट उघड होते. कसोटी पैशाची नव्हती, घोड्याच्या मालकीचीही नव्हती. कसोटी खांद्यावरच्या बिल्ल्याची होती.

या नियमाचे बिंग १९४८ साली फुटले, आणि ती हकिकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याच्या चालींच्या शिस्तबद्ध कवायतीत, स्वीडनच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. संघात तिघे होते: बोल्टनस्टर्न, सेंट सीर आणि गेहनेल पर्सन. यांपैकी पर्सन हा सार्जंटच्या दर्जाचा सैनिक. स्वारीत तो कोणत्याही अधिकाऱ्याला भारी. पण नियमाने त्याला उतरता येत नव्हते. स्वीडनच्या लष्कराने तोड काढली. सामन्यांच्या तोंडावर जुलै महिन्यात त्याला लेफ्टनंट केले, आणि सामने आटोपल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा खाली आणून ठेवले. नाटकातल्या राजाची झूल खेळ संपताच उतरवून पेटीत घालतात, तसाच हा प्रकार. ही गोष्ट उघडकीस आली तेव्हा महासंघाने १९४९ साली स्वीडनच्या संघाला बाद ठरवले आणि सुवर्णपदक फ्रान्सला दिले.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. त्या दिवशी रिंगणात जे घडले त्यात काही खोटे होते काय? घोडा तोच, स्वार तोच, परीक्षकांनी दिलेले गुण तेच. खोटा होता तो फक्त हुद्दा. आणि तो हुद्दा मागणारा नियमच मुळात खोटा होता. आम्ही स्वीडिश लष्कराची बाजू घेत नाही. पर्सनला बढती द्यायची होती तर ती कायमची द्यायला कोणाचा हात धरला होता? त्यांनी त्याचा उपयोग केला आणि त्याला परत जागेवर बसवले. असली तात्पुरती बढती कारखान्यातल्या माणसाला नवी नाही. साहेब रजेवर गेला की कुशल कामगाराला चार महिने ‘काम पाहणारा’ नेमतात, आणि साहेब आला की त्याला पुन्हा यंत्रावर पाठवतात. पगारात फरक पडत नाही, हे सांगायला नकोच.

पण या प्रकरणाने नियमाची इतकी शोभा झाली की तो टिकला नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सार्जंटांना आणि शिपायांना मज्जाव उरला नव्हता. तेच तिघे पुन्हा उतरले आणि सुवर्णपदक घेऊन गेले. १९५६ साली पुन्हा तेच. ऑस्ट्रेलियातल्या पशुसंसर्गाच्या कडक कायद्यामुळे त्या वर्षीच्या घोड्यांच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला झाल्या, तेव्हा पर्सनने हे पदक स्वतःच्या देशात मिळवले. हेलसिंकीलाच स्त्रियांना ड्रेसाजमध्ये प्रथम प्रवेश मिळाला, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी रौप्यपदक जिंकले. पोलिओने त्यांचे पाय गुडघ्यांखाली लुळे होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना मदत लागे.

हुद्द्याची फी अशी १९५२ साली रद्द झाली. मग आता दार सर्वांना उघडे झाले असे म्हणावे काय? काही काळ तसे वाटले खरे.

हेलसिंकीत ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळाले, तेही शेवटच्या दिवशी, उड्यांच्या सांघिक स्पर्धेत. हॅरी लुएलिन आणि त्यांचा घोडा फॉक्सहंटर यांचे नाव तेव्हा घरोघर झाले. लुएलिन हे वेल्समधल्या बड्या खाणमालकाचे चिरंजीव. ज्या खोऱ्यांत त्या घराण्याचा कोळसा निघाला, तेथल्या खाणींत अजूनही तट्टे अंधारात गाड्या ओढीत होती, आणि त्यांना हाकणारी माणसे रेडिओपाशी बसून फॉक्सहंटरच्या उड्या ऐकत असतील. त्यांना त्याचा अभिमान वाटला असेल यात आम्हांला शंका नाही. माणसाचे मन असेच असते.

त्याच काळातली पॅट स्माइथ. वडील वारल्यावर आई आणि मुलगी पैसे देणारे पाहुणे घरी ठेवून खर्च भागवीत. तिची पहिली नामांकित घोडी फिनॅलिटी. तिची आई दुधाच्या गाडीला जुंपली जाणारी घोडी होती असे सांगतात. हौशी राहायचे तर स्वारीचे पैसे घेता येत नाहीत; म्हणून या बाईने पुस्तके लिहिली, मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर घोडे पोसले. १९५६ साली उड्यांच्या स्पर्धा स्त्रियांना खुल्या झाल्या, त्या वर्षी ब्रिटनच्या संघाबरोबर तिला कांस्यपदक मिळाले. लेखणीवर घोडा पोसणारी माणसे विरळाच. आमच्या ओळखीचे बहुतेक लेखक लेखणीवर स्वतःही पोसले जात नाहीत.

पण या काळाची खरी गोष्ट अमेरिकेतली आहे. हॅरी डेलेयर हा महायुद्धानंतर हॉलंडमधून अमेरिकेत गेलेला शेतकऱ्याचा मुलगा. तंबाखूच्या शेतावर राबला, मग लाँग आयलंडवर मुलींच्या एका शाळेत घोडेस्वारीचा शिक्षक झाला. १९५६ च्या फेब्रुवारीत तो पेनसिल्व्हानियातल्या न्यू हॉलंडच्या बाजाराला घोडा घ्यायला निघाला आणि उशिरा पोहोचला. चांगली जनावरे विकली गेली होती. उरलेली कसाईखान्याच्या ट्रकमध्ये चढवली जात होती. त्यांतला एक पांढरा, मळका, नांगराला वापरलेला घोडा त्याने उतरवून घेतला. किंमत ८० डॉलर. मुलांनी त्याचे नाव ठेवले स्नोमॅन. पुढे तो शेजाऱ्याला विकला, तर घोडा कुंपणांवरून उड्या मारीत पुन्हा पुन्हा डेलेयरकडे परत येई! तेव्हा याच्या अंगात काय आहे ते मालकाला कळले. दोन वर्षांनी, १९५८ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या राष्ट्रीय अश्वप्रदर्शनात या नांगराच्या घोड्याने लक्षाधीशांच्या घोड्यांना मागे टाकले. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे तो त्या वर्षाचा उत्कृष्ट घोडा ठरला.

ही गोष्ट अमेरिकेत फार सांगितली जाते. २०११ साली तिच्यावर पुस्तक निघाले, नंतर चित्रपटही झाला. ऐंशी डॉलरांत जिंकता येते, दार उघडे आहे, हा तिचा अर्थ लावतात. आम्ही तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो. डेलेयरला घोडा ऐंशी डॉलरांना पडला, कारण १९५६ साली अमेरिकेत कामाचे घोडे भंगारात निघत होते. त्याला शिक्षक ठेवावा लागला नाही, कारण तोच शिक्षक. मोतद्दार लागला नाही, कारण तोच मोतद्दार, आणि हाताखाली बायकामुले. तबेला शाळेचा. म्हणजे आज एखाद्या हौशी स्वाराच्या यादीत ज्या ज्या रकमा दिसतात, त्या त्याने स्वतःच्या अंगमेहनतीने भरल्या. आणि हे सारे करूनही ऑलिंपिकच्या त्या वेळच्या व्याख्येत तो बसत नव्हता. कारण स्वारी शिकवून तो पोट भरीत होता, म्हणून धंदेवाईक.

आता खर्च का वाढला याकडे येऊ. १९२० च्या सुमारास अमेरिकेत अडीच कोटी घोडे आणि खेचरे होती. १९६० पर्यंत ती संख्या तीस लाखांच्या आसपास उतरली. ट्रॅक्टर आला, ट्रक आला. घोडा कामातून निघाला की त्याच्या पाठोपाठ त्याची सारी व्यवस्था निघते: गावोगावचा नालबंद, खोगीर शिवणारा, कोपऱ्यावरचा वैरणीचा वखारवाला, आणि घरच्या घरी खरारा शिकलेली पोरे. मुंबईच्या व्हिक्टोरियांचे असेच झाले. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. जनावरांच्या हालांबद्दल न्यायालयाचे म्हणणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. पण एका शहरातले घोड्याचे पिढीजात ज्ञान त्याबरोबर रस्त्यावर आले. जे ज्ञान पूर्वी घरातच मिळे ते मग विकत घ्यावे लागते. गाडीवानाच्या घोड्याची वैरण गाडी देत होती. हौसेच्या घोड्याची वैरण हौसेलाच द्यावी लागते. स्पर्धेच्या खर्चाचे मूळ येथे आहे.

स्पर्धा भरवणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. युनियनच्या माणसाने दुसऱ्या बाजूचा ताळेबंद वाचल्याशिवाय बोलू नये, असा आमचा शिरस्ता आहे. शहरे वाढली तशी मोकळी जमीन महागली. रिंगणात पूर्वी गवत असे. आता घोड्याच्या पायांना इजा होऊ नये म्हणून खास वाळू आणि तंतू मिसळलेली जमीन करतात. रुग्णवाहिका, डॉक्टर, पशुवैद्य, विमा, औषधांची तपासणी, मान्यताप्राप्त परीक्षक, हे सर्व खर्च खरे आहेत, आणि त्यांतले बहुतेक योग्यही आहेत. पण यापलीकडेही काही आहे. अमेरिकेच्या महासंघाने कित्येक दशके असा नियम चालवला की एका मोठ्या सामन्यापासून ठरावीक मैलांच्या आत, त्याच तारखांना, त्याच दर्जाचा दुसरा सामना भरवायचा नाही. घोड्याला वर्षाच्या क्रमवारीसाठी गुण हवेत, गुण मान्यताप्राप्त सामन्यातच मिळणार, आणि जवळपास सामना एकच. मग खणाचे भाडे किती आकारायचे हे ठरवायला चालकाला कोणाची भीती राहणार? बाजारात एकच दुकान असले की भाव काय होतो, ते घरोघरच्या बायाबापड्यांना शिकवावे लागत नाही.

शिक्षकाचे स्थानही यात पाहण्यासारखे आहे. पुष्कळ तबेल्यांत शिक्षकच घोडा निवडतो, खरेदीत दलाली घेतो, कोणत्या सामन्याला जायचे हे ठरवतो आणि तेथल्या प्रत्येक दिवसाचे पैसे घेतो. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असे. नोकरी त्याच्या हातात, बदली त्याच्या हातात, आणि दस्तुरी त्याच्या खिशात. फरक इतकाच की जॉबर गरिबाला नाडीत असे.

धंदेवाईकपणाची जुनी व्याख्याही हळूहळू ढासळली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर महासंघाचे अध्यक्ष प्रिन्स फिलिप यांनी असा आग्रह धरला की जे स्वार खरोखर पैसे मिळवतात त्यांना सरळ धंदेवाईक म्हणा. ब्रिटनने तसे केले. बाकीचे देश हौशीपणाच्या पडद्याआड राहिले. डेव्हिड ब्रूमसारखा स्वार १९७२ नंतर ऑलिंपिकमध्ये दिसला तो एकदम १९८८ साली. यॉर्कशायरचा बांधकामवाला हार्वी स्मिथ याने तर आपल्या घोड्यांना एका जपानी कंपनीच्या मालाची नावे दिली. त्याच्या एका घोड्याचे नाव ‘सॅनयो म्युझिक सेंटर’ होते. लोक हसले. पण खर्च भागवायचे एक साधन त्याने उघडपणे वापरले, आणि उघडपणाबद्दल आम्हांला त्याचे कौतुकच वाटते.

आज अमेरिकेत हौशी गटाची जी व्याख्या चालते ती वाचताना हेन्लेची आठवण होते. जो स्वारी करण्याचे, घोड्याला शिकवण्याचे किंवा विद्यार्थ्यांना शिकवण्याचे पैसे घेतो तो हौशी नव्हे. वरवर पाहता नियम न्याय्य आहे. धंद्यातल्या माणसापुढे शिकाऊ माणसाचा निभाव कसा लागावा? पण आता दोन माणसे डोळ्यांपुढे आणा. एक मुलगी दुसऱ्यांचे घोडे रोज फिरवून त्या मजुरीवर आपला एक साधा घोडा पोसते. ती धंदेवाईक. दुसरा गृहस्थ तयार घोडा लाखो डॉलरांना विकत घेतो, आठवडाभर त्याच्यावर पगारी शिक्षक बसतो, आणि रविवारी सामन्यात गृहस्थ बसतात. ते हौशी. घोड्यावर मजुरी करणाऱ्याला वगळायचे आणि घोड्यासाठी पैसे मोजणाऱ्याला संरक्षण द्यायचे, ही जुनीच रीत नव्या कागदावर उतरली आहे.

यावर उपाय म्हणून जगात जे प्रयोग झाले त्यांतला एक आयर्लंडचा. १९२६ साली डब्लिनच्या अश्वप्रदर्शनात राष्ट्राराष्ट्रांची उड्यांची स्पर्धा सुरू झाली. तिचा करंडक दिला आगाखानांनी. ज्यांचा पुण्यातला राजवाडा सर्वांच्या परिचयाचा आहे तेच हे. आयर्लंडचे स्वतंत्र राज्य तेव्हा चार वर्षांचे होते. त्याने त्याच वर्षी लष्करात अश्वारोहणाची शाळा काढली: घोडे आयरिश, घोडे सरकारी, स्वार लष्करातले. हेतू आयरिश घोड्यांचा व्यापार वाढवण्याचा होता, पण पद्धत बारगिरीची. सामान्य शेतकऱ्याच्या तबेल्यात जन्मलेला घोडा सरकारी खर्चाने जगापुढे गेला. स्वार मात्र अधिकारीच, कारण पर्सनचे प्रकरण अजून व्हायचे होते.

आपल्या देशातही १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत अश्वारोहणाची सुवर्णपदके आली ती बारगिरीतूनच. ६१ व्या कॅव्हलरीचे रघुवीरसिंग शहजादा या घोड्यावर बसून वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. संघालाही सुवर्णपदक मिळाले. घोडे पलटणीचे होते. त्यानंतर ४१ वर्षांनी, २०२३ साली, चीनमधल्या हांगझोच्या स्पर्धांत ड्रेसाजच्या संघाने पुन्हा सुवर्णपदक आणले. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला ही चौघे. यांतले हृदय छेडा मुंबईचे. ही मुले कोवळ्या वयात घर सोडून युरोपात राहिली; घोडे तेथलेच, शिक्षण तेथलेच. त्यांच्या मेहनतीला उणे लेखण्याचे काहीच कारण नाही, आणि त्यांचे पदक पाहून आम्हांलाही इतरांइतकाच आनंद झाला. परंतु १९८२ चे पदक पागेचे होते आणि २०२३ चे शिलेदारांचे. या ४१ वर्षांत ज्याच्या घरी घोडा नाही अशा किती मुलांच्या अंगी ती कला होती, ते कोणत्याही पदकतालिकेत सापडणार नाही.

राहता राहिला मोतद्दार. एका मोठ्या शहराजवळच्या तबेल्यात काम करणाऱ्या काही माणसांचे पगारपत्रक काही वर्षांपूर्वी आमच्यापुढे आले होते. पहाटे चारला दाणा, मग खरारा, लीद काढणे, घोडा फिरवणे, दुपारी पुन्हा दाणा, रात्री पाय चोळणे. कामाचे तास लिहिलेलेच नव्हते, कारण ते मोजायचे कोणाच्या मनात आले नव्हते. त्या तबेल्याच्या मालकांनी आम्हांला सांगितले की ही माणसे घोड्यांवर प्रेम करतात, त्यांना तासांचे काय! प्रेम करतात हे खरेच होते. एका घोड्याला पोटशूळ उठला तेव्हा त्यांतला एक जण तीन रात्री त्याच्यापाशी बसून होता. पण प्रेम पगारपत्रकात कोणत्या रकान्यात मांडायचे, हे मालकांना सांगता आले नाही.

ब्रिटनमध्ये किमान वेतनाचा कायदा १९९९ च्या एप्रिलपासून अमलात आला. सामन्यांच्या खर्चाची चर्चा होते तेव्हा मोतद्दारांचा पगार वाढल्याने खर्च वाढला, असे म्हणणारे लोक तेथेही आहेत. म्हणजे त्याआधीची स्वस्ताई कोणाच्या जिवावर होती, हे त्यांच्याच तोंडून निघाले. २००७ साली तेथल्या मोतद्दारांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. ती आमच्या अर्थाने युनियन नव्हे. संप करीत नाही, मोर्चा काढीत नाही. नोकरीचा करार लेखी असावा, किमान वेतन मिळावे, अपघाताचा विमा असावा, एवढ्या गोष्टी ती आपल्या सभासदांना समजावून सांगते आणि मालकांनाही. यातली पहिली गोष्ट, लेखी करार, मागायला घोड्याच्या धंद्यातल्या माणसाला एकविसावे शतक उजाडावे लागले.